जाफराबादचे ड्रायव्हर चाचा

जाफराबादेत त्यांना सगळे ड्रायव्हर चाचा म्हणत, आणि त्यांना सायकलीपलीकडे काहीही चालवता येत नव्हतं. खरं नाव शेख कय्यूम. बसस्टँडजवळ जिथं पॅसेंजर भरणाऱ्या जीप उभ्या राहतात, त्याला लागून एका शटरचं त्यांचं दुकान होतं. आधी ते रेडिओ आणि टेप दुरुस्त करत, मग टीव्ही, आणि तालुक्यात कॉम्प्युटर आले तसे कॉम्प्युटर. नवा कॉम्प्युटर घेतला की घरातला जुना प्रिंटर, जुना स्कॅनर, नाहीतर कुठला तरी स्वस्तातला कॅमेरा चालेनासा व्हायचा, आणि लोक तो पिशवीत घालून त्यांच्याकडे यायचे. चाचा ती वस्तू जोडून बघत आणि म्हणत, "ड्रायव्हर न्हाई हिला. ड्रायव्हर पायजे." बाहेरून जोडलेली वस्तू कॉम्प्युटरला ओळखू यावी म्हणून जो छोटा प्रोग्राम लागतो त्याला ड्रायव्हर म्हणतात, हे तेव्हा गावात फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. बाहेरचे जीपवाले ते ऐकून आत डोकावायचे. "चाचा, आम्ही इथं रिकामे बसून राह्यलो, आम्हाला न्या की." चाचा गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, "तुमचं लायसन इथं चालत न्हाई." त्यातून ते नाव पडलं आणि शेवटपर्यंत टिकलं.

मला जे थोडंफार काम येतं आणि ज्याच्यावर माझं घर चालतं, ते सगळं मी या माणसाकडून शिकलो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवीन जालन्यातल्या ज्या बियाणे कंपनीत मी नोकरी करतो तिथं तर नाहीच. का सांगितलं नाही, ते पुढं येईलच.

माझं तेव्हा टेंभुर्णीला ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं सेंटर होतं. एक टेबल, एक झेरॉक्स मशीन, एक कॅमेरा. शिष्यवृत्तीच्या फॉर्मचे शेवटचे दोन दिवस राहिले होते, आणि मी नेमका तेव्हाच नवा लॅपटॉप घेतला होता. कॅमेऱ्यातून मुलांचा फोटो काढून तिथल्या तिथं फॉर्मला लावायचा असे. नव्या लॅपटॉपनं कॅमेरा ओळखलाच नाही. कॅमेऱ्याबरोबर आलेली सीडी होती, पण लॅपटॉपला सीडीची जागाच नव्हती. बाहेर पोरं रांगेत, त्यांचे आईबाप शेतातली कामं टाकून आलेले. कुणीतरी म्हणालं, जाफराबादला ड्रायव्हर चाचा आहेत. मी जीपनं गेलो.

चाचांनी कॅमेऱ्याचा डबा बाजूला ठेवला. त्यावर मोठ्या अक्षरात कंपनीचं नाव होतं, ते त्यांनी वाचलंही नाही. छोट्या पेचकसानं कॅमेऱ्याचा एकुलता स्क्रू काढला, आतला बोर्ड उजेडात धरला आणि भिंगातून चिपवरचा नंबर वाचला.

"डब्ब्यावरचं नाव दुकानदारासाठी असतंय," ते म्हणाले. "आपण चिपचं नाव वाचायचं. एकाच चिपचे धा कॅमेरे धा नावांनी विकतेत."

मग त्यांनी भलत्याच कंपनीच्या कॅमेऱ्याचा ड्रायव्हर शोधून काढला, कारण त्याच्या पोटात तीच चिप होती. तो टाकला, आणि पडद्यावर माझाच घामेजलेला चेहरा आला. "बघ. वळखलं," चाचा म्हणाले. संध्याकाळपर्यंत रांगेतल्या सगळ्या पोरांचे फॉर्म भरून झाले.

'खराब झालं' हा शब्द त्यांना चालत नसे. कुणी म्हणालं की स्कॅनर खराब झालाय, मेलाय, तर ते लगेच अडवत. "मेला न्हाई तो. नवीन मालकाला त्याची वळख न्हाई, एवढंच. वळख करून देणारा माणूस पायजे." हे ते रोज दहा वेळा तरी म्हणत असतील. आम्ही हसायचो. पण खरोखर मेलेली वस्तू त्यांच्या दुकानात क्वचितच सापडायची. नव्या विंडोजनं ज्या स्कॅनरला साफ नकार दिला, त्याच्यासाठी त्यांच्याकडे लिनक्सचा, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या दुसऱ्या सिस्टिमचा, एक पेनड्राइव्ह होता. तो लावून कॉम्प्युटर सुरू केला की दहा-बारा वर्षांपूर्वीचा स्कॅनर काही न टाकता गुरगुरायला लागे.

दुसरी सवय अशी, की वस्तू हातात घेण्याआधी ते विचारत, "हिच्यावर काम काय करता?" मला हा प्रश्न सुरुवातीला वेळखाऊ वाटायचा. तो कशासाठी हे मला एका अर्जलेखकांमुळे कळलं. ते वयस्कर गृहस्थ तहसीलसमोर बसून लोकांचे अर्ज टाइप करून देत. मुलानं त्यांना नवा लॅपटॉप आणला आणि करकर आवाज करणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर फेकून द्या म्हणाला, कारण तो लॅपटॉपला जोडताच येत नव्हता. चाचांनी विचारलं, काम काय करता. म्हातारबुवा म्हणाले, "एका अर्जाच्या तीन प्रती लागतेत. कार्बन घालतो. लाइट गेली तरी तिन्ही झालेल्या असतेत." चाचा मुलाकडे वळले. "तुमच्या नवीन प्रिंटरमधी कार्बन चालतो का?"

त्या प्रिंटरनं चाचांचे चार दिवस घेतले. जोडणारी वायर मिळाली, पण छापून यायची प्रश्नचिन्हं. मग दुसऱ्या एका मॉडेलचा ड्रायव्हर याला चालतो हे सापडलं, तर मराठी अक्षरांच्या वरच्या वेलांट्या आणि मात्रे कापले जाऊ लागले. मुलगा म्हणाला, चालतंय की, समजतंय. चाचा म्हणाले, "न्हाई चालत. 'शेती'ची वेलांटी गेली तर साहेब अर्ज परत देईल, अन् माणूस पुन्हा खेड्याहून येईल." चौथ्या दिवशी पान बरोबर आलं. म्हातारबुवांनी ते स्टुलावर बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचलं, आणि चाचा प्रत्येक ओळीला मान हलवत उभे राहिले.

चाचांचं इंग्रजी चिपवरच्या अक्षरांपुरतं होतं. पडद्यावर लांबलचक सूचना आली की ते हाक मारायचे, "रुबीना." रुबीना त्यांची धाकटी मुलगी. जाफराबादच्या कॉलेजात बी.एस्सी. कॉम्प्युटर करत होती. दुकानामागंच घर होतं. ती हातातलं काम टाकून येई, सूचना वाचून बापाला सांगे, आणि बऱ्याचदा त्यांच्याशी वाद घाली. "अब्बा, तुम्ही उगा शोधून राह्यले. आधी तिचा आयडी बघा." प्रत्येक वस्तूला कारखान्यातूनच एक क्रमांक मिळालेला असतो आणि तो कॉम्प्युटरच्या आत बघता येतो, स्क्रू काढायची गरज नसते, हे मला तिनं दाखवलं. चाचा म्हणायचे, "माझं भिंग, अन् हिचं डोकं." सेंटर बंद असेल त्या दिवशी मी त्यांच्याकडे जाऊन बसायचो. दोन वर्षं तरी असा बसलो असेन. मला शिकवताना त्या दोघांनीही हातचं काही राखून ठेवलं नाही.

नवीन जालन्यातल्या कंपनीच्या मुलाखतीत मला विचारलं, प्रिंटर छापत नसेल तर काय कराल? मी म्हणालो, आधी तो प्रिंटर कशासाठी वापरता ते विचारेन, मग वायर बदलून बघेन. समोरचे साहेब खूश झाले. उत्तर चाचांचं होतं. नोकरी लागली तेव्हा मी पेढे घेऊन गेलो. चाचांनी एक पेढा रुबीनाला दिला, एक स्वतः घेतला आणि म्हणाले, "माझं काय त्यात. तू शिकला, तुला भेटलं."

कंपनीत सहा महिने तात्पुरता होतो. लोक मला 'सिस्टिमवाले सर' म्हणू लागले. टेंभुर्णीत मला कुणी सर म्हटलं नव्हतं. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, केबिनमध्ये थंड हवा. मला ते आवडलं, आणि ते जाईल याची भीतीही त्याच दिवसापासून बसली.

मे महिना म्हणजे आमच्या धंद्याचा कळस. खरिपासाठी कपाशीचं बियाणं पाकिटात भरून बाहेर पडत असतं आणि प्रत्येक पाकिटावर लॉट नंबरचं लेबल लागतं. लेबल नसेल तर पाकीट गोडाऊनच्या बाहेर जाऊ शकत नाही. नेमक्या त्याच महिन्यात मुख्य कार्यालयानं जुने कॉम्प्युटर काढून नवे पाठवले. नव्या विंडोजनं लेबल छापणारे तिन्ही प्रिंटर नाकारले. विकणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, नवीन प्रिंटर घ्या, यायला तीन आठवडे लागतील. तीन आठवड्यांनी पेरण्या सुरू झाल्या असत्या. मॅनेजरनी मला बोलावून एवढंच विचारलं, "तुम्हाला येतं ना हे?" मी म्हणालो, येतं. दोन दिवस झटलो. आलं नाही.

शनिवारी मी चाचांना फोन केला. "चाचा, उद्या येता का? सुट्टी आहे, निवांत काम होईल." सुट्टीच्या दिवशी ऑफिसात कुणी नसतं आणि बाहेरच्या माणसाकडून काम करून घेतल्याचं कुणाला कळणार नाही, हा माझा हिशोब होता. चाचा एवढंच म्हणाले, "पहिल्या एसटीनं येतो."

ते नऊ वाजता आले. हातात वायरींची पिशवी. साखरेच्या आजारानं त्यांची नजर तोवर बरीच उतरली होती. पडद्याला नाक लावून वाचत होते. मी त्यांना माझ्या खुर्चीवर बसवलं. दुपारपर्यंत काही जमलं नाही. जुना ड्रायव्हर टाकला की विंडोज म्हणे, याच्यावर कंपनीची डिजिटल सही नाही, हा चालणार नाही. शिवाय लेबलचा जुना प्रोग्राम प्रिंटरला एकाच जुन्या नावानं ओळखत होता. जुन्या कॉम्प्युटरच्या मागं प्रिंटरची वायर खोचायला जी रुंद जागा असायची, तिचं ते नाव. नव्या कॉम्प्युटरला ती जागाच नव्हती.

चाचांनी फोन लावला आणि टेबलावर ठेवला. "रुबीना, ऐक." तिची शेवटच्या वर्षाची परीक्षा नुकतीच संपली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, दोन फोटो मागवले.

"अब्बा, त्याचा खरा ड्रायव्हर सोडून द्या," ती म्हणाली. "नुसती अक्षरं छापणारा साधा प्रिंटर म्हणून बसवा त्याला. मंग तो शेअर करा. अन् ते जुनं नाव त्या शेअरला जोडून द्या. प्रोग्रामला वाटेल, जुनंच भोक आहे."

जोडायची ओळ तिनं एकेक अक्षर करून सांगितली आणि मी टाइप केली. तीनच्या सुमाराला पहिलं लेबल बाहेर आलं. चाचांनी त्याच्यावर अंगठा घासून बघितला. शाई हलली नाही. उरलेले दोन प्रिंटर अर्ध्या तासात चालू झाले. "हे माझं न्हाई," ते म्हणाले, "हे बिलकुल तिचं काम आहे."

मग त्यांनी पिशवीतून एक लिफाफा काढला. तो वायरींनी चुरगळू नये म्हणून जाड पुठ्ठ्यात घातलेला होता. आत रुबीनाचा अर्ज आणि आधीच्या वर्षांच्या गुणपत्रिका.

"सतीश, तुझ्या साहेबाला दे. मेहरबानी म्हणून न्हाई. एकदा बसवून बघा म्हणा, काम देऊन बघा. न्हाई जमलं तर न्हाई म्हणा."

"नक्की देतो, चाचा," मी म्हणालो, आणि तेव्हा मला ते खरंच वाटत होतं.

लिफाफा मी ड्रॉवरमध्ये ठेवला आणि दार उघडून मॅनेजर आत आले. कुठल्या तरी लग्नाहून परतताना त्यांनी गाडी इकडे वळवली होती. चालू प्रिंटर बघून त्यांचा चेहरा उजळला. "झालं?"

"झालं सर. तिन्ही चालू झाले."

"शाब्बास. मला वाटलंच होतं." मग त्यांचं लक्ष माझ्या खुर्चीवर बसलेल्या माणसाकडे गेलं. मळकी टोपी, गुडघ्यावर पिशवी. "हे कोण?"

मी म्हणालो, "ड्रायव्हर."

हा शब्द माझ्या तोंडून फार सहज निघाला. गावात त्यांना हेच म्हणतात, मी खोटं बोललो नाही, अशी समजूत मी पुढं कित्येक महिने स्वतःला घालत होतो. पण मी तिथंच थांबलो नाही. मी पुढं म्हणालो, "जुन्या जालन्यातून थोडं सामान आणायचं होतं सर, त्यासाठी गाडी केली होती."

मॅनेजर वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "त्यांना बाहेर वॉचमनकडं बसवा, चहा द्या त्यांना."

चाचांनी माझ्याकडे एकदा बघितलं. त्यांना तेव्हा माझा चेहरा नीट दिसत असेल का, मला माहीत नाही. ते खुर्चीवरून उठले, मॅनेजरना म्हणाले, "जी साहेब," आणि टेबलावरच्या आपल्या वायरी एकेक गुंडाळून पिशवीत भरल्या. एकही विसरले नाहीत. मग दार हळू लावून घेऊन बाहेर गेले.

मी आत वीस मिनिटं थांबलो. मॅनेजरनी हे कसं जमलं ते विचारलं आणि मी सांगितलं. रुबीनाचेच शब्द, जसेच्या तसे. त्यांनी मुख्य कार्यालयाला फोन लावून माझं नाव सांगितलं.

बाहेर आलो तर चाचा गेटजवळ उभे होते. वॉचमनची खुर्ची रिकामीच होती. "चाचा, ते जरा असं झालं की..." मी सुरुवात केली. ते म्हणाले, "स्टँडवर सोडता का? एसटी जाईल." मी मोटारसायकल काढली. बसमध्ये चढताना ते मागं वळले आणि म्हणाले, "तेवढा अर्ज बघा, साहेब."

मला ते तोवर नेहमी सतीश म्हणत आले होते, आणि तू म्हणत आले होते.

अर्ज मी बघितला. एकदा नव्हे, पुष्कळदा. सोमवारी सकाळी सगळ्यांसमोर माझं कौतुक झालं, पुढच्या महिन्यात मला कायम केलं. रुबीना इथं आली असती तर पहिल्याच आठवड्यात कुणीतरी तिला विचारलं असतं, हे प्रिंटर कसे काय चालतात, आणि तिनं सरळ सांगितलं असतं. तिला लपवायचं कारणच काय होतं? मी तो लिफाफा ड्रॉवरमध्ये जुन्या बिलांच्या खाली सरकवला. एवढ्यानंच काम भागलं असतं तर मी विसरलो म्हणून तरी सांगता आलं असतं. पण जुलैत मॅनेजरनी मला बोलावून विचारलं, "तुमच्या हाताखाली एक जण घ्यायचाय. हे जुनं-नवं जुळवायचं काम येणारं कुणी ओळखीचं आहे का?"

मी म्हणालो, "नाही सर. असं कुणी नाही."

चाचांचा फोन दोनदा आला. पहिल्यांदा मी म्हणालो, अर्ज वर पाठवलाय. दुसऱ्यांदा म्हणालो, "चाचा, मी मोठ्या साहेबांशी स्वतः बोललो. पण कंपनीनं बाहेरचा माणूस घेतला." पलीकडून जीपवाल्यांची ओरड ऐकू येत होती. चाचा म्हणाले, "बराबर आहे. तुम्ही कोशिश केली, लई झालं."

पुढं विंडोजचं एखादं अपडेट आलं की ते प्रिंटर पुन्हा रुसायचे, आणि मी निर्लज्जासारखा चाचांनाच फोन करायचो. त्यांनी फोन उचलला नाही असं एकदाही झालं नाही. त्यांना आता पडदा दिसत नव्हता. मी सांगायचो, ते रुबीनाला सांगायचे, तिचं उत्तर मला पोचवायचे. मला ती बाजूला बोलताना स्पष्ट ऐकू यायची, पण चाचा तिच्या हातात फोन देत नसत. का, ते मी विचारलं नाही. मला वाटायचं, त्यांना सगळं कळलंय आणि ते मला तिच्यापासून वाचवतायत. कधी वाटायचं, तिला माझ्यापासून.

मी गावी टेंभुर्णीला जायचो, पण पुढं जाफराबादला जात नसे. आई विचारायची, "चाचांकडं गेलता का रे?" मी म्हणायचो, वेळ नाही झाला.

गेल्या हिवाळ्यात टेंभुर्णीच्या एका मित्रानं मोबाइलवर चाचांचा फोटो लावला, खाली श्रद्धांजली. माती होऊन गेली होती. मी लगेच गेलो नाही. पंधरा दिवसांनी गेलो. स्टँड तसंच होतं. दुकान उघडं होतं आणि काउंटरमागे रुबीना बसली होती. चाचांची नजर गेल्यापासून दुकान तीच चालवत होती, शिवाय सकाळी एका क्लासमध्ये शिकवायला जात होती, हे मला तेव्हा कळलं. तिची आई इद्दतमध्ये, नवरा गेल्यानंतर बाईनं पाळायच्या एकांतात, असल्यामुळं बाहेर आली नाही. आतूनच चहा पाठवला.

"बसा ना भाऊ," रुबीना म्हणाली. मी बसलो. शेवटचे दिवस कसे गेले ते तिनं सांगितलं. किडन्या गेल्या होत्या. डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा जालन्याला न्यावं लागे. म्हणजे ते आठवड्यातून दोनदा माझ्या ऑफिसपासून चार-पाच चौक अलीकडं येत होते. मला त्यांनी कळवलं नव्हतं.

मग ती म्हणाली, "अब्बा तुमचं नाव लई घ्यायचे. कुणी म्हणालं की जालन्यात आपलं कोण ऐकतंय, तर म्हणायचे, न्हाई, सतीश आहे. त्यानं रुबीनासाठी मोठ्या साहेबाशी बोलणं केल्तं. कंपनीनं घेतलं न्हाई ती गोष्ट वेगळी, पण त्यानं जबान दिल्ती अन् ती ठेवली." ती थोडी हसली. "मला तेव्हा राग आल्ता कंपनीचा. अब्बांनीच समजावलं."

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता की मुलीच्या मनात माझी जागा राखली होती, हे मला कधीच कळणार नाही. तिच्यासमोर बसलो असताना दोन्हींत फारसा फरकही वाटला नाही.

"रुबीना," मी म्हणालो, "मी कुणाशी बोललो नव्हतो. तुझा अर्ज मी दिलाच नाही."

तिला आधी नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. मग तिनं विचारलं, "का बरं?"

मी सांगितलं. सुट्टीच्या दिवशी का बोलावलं ते सांगितलं, मॅनेजर आले तेव्हा मी तिच्या अब्बांना काय म्हणालो ते सांगितलं, वॉचमन, चहा, तिच्या तोंडची वाक्यं मी माझी म्हणून कशी वापरली ते, आणि जुलैत मला काय विचारलं होतं आणि मी काय उत्तर दिलं, तेही. तिनं सगळं ऐकून घेतलं, जसं त्या दिवशी फोनवर ऐकून घेतलं होतं, मध्ये एकही प्रश्न न विचारता. माझं संपल्यावर तिनं काउंटरवरचा पेचकस उचलून डब्यात ठेवला.

"हे अब्बा होते तेव्हा सांगायला पायजे होतं तुम्ही," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "त्यांना. मला न्हाई."

मी म्हणालो, हो.

तेवढ्यात एक अंगणवाडीताई दुकानात आल्या. त्यांच्या पिशवीत अंगठा घ्यायचं छोटं मशीन होतं. नव्या लॅपटॉपला लागत नाही म्हणाल्या, बहुतेक खराब झालं. रुबीनानं ते हातात घेतलं, वायर उलगडली आणि विचारलं, "हिच्यावर काम काय करता, ताई?" ताई सांगू लागल्या आणि ती त्यांच्याकडे पूर्ण वळून ऐकू लागली.

मला ती जा म्हणाली नाही, थांबा असंही म्हणाली नाही. चहावर साय धरली होती. तो मी तसाच प्यालो, कप आतल्या दाराशी नेऊन ठेवला आणि बाहेर आलो. एक जीपवाला टेंभुर्णी, टेंभुर्णी ओरडत होता. मी बसलो. गाडी भरायला बराच वेळ लागला, आणि तेवढा वेळ मला दुकानात तिची पाठ दिसत होती.